त्र्याहत्तराव्या प्रश्नावर हरकत

पान एकेचाळीस माझ्या हातून हजारो वेळा निघालं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तोंड वर करून बोलायला लागले की कुणी म्हणायला नको, हिचं काय जातंय बोलायला.

आमच्या गल्लीच्या एका टोकाला परीक्षा कार्यालयाचं फाटक आहे, दुसऱ्या टोकाला ओळीनं चार क्लास, आणि मधोमध झेरॉक्सचं दुकान. दुकान काकांचं. ते माझे कोणी लागत नाहीत, पण सगळी गल्ली त्यांना काका म्हणते. मी तिथं सकाळी नऊपासून मशीनसमोर उभी असते. अर्ज, ओळखपत्रं, दाखले, आणि सगळ्यात जास्त म्हणजे गॅरंटी सरांच्या नोट्स. सरांचं खरं नाव क्लासच्या पाटीवर आहे, पण ते कुणी वाचत नाही. ‘हे येणार, गॅरंटी,’ ‘यावर एक मार्क, गॅरंटी,’ असं ते दर तिसऱ्या वाक्याला म्हणतात आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. नोट्स मीच छापून देते म्हणून संध्याकाळच्या बॅचला मला शेवटच्या बाकावर बसायची मुभा होती. चार वर्षं त्या बाकावर काढली. डोळ्यांसमोर एकच नोकरी होती, पाणी तपासणी सहायक. अठरा पदं. माझ्या वयाची अट या वर्षी संपत होती, त्यामुळे हा शेवटचा प्रयत्न होता.

मला हा विषय मनापासून आवडायचा, हे खोटं नाही. खत आणि कीटकनाशकं शेतातून निघून कुठं कुठं जातात, याचा नकाशाच माझ्या डोक्यात तयार झाला होता. पिकानं घेतलं तेवढं घेतलं, उरलेलं पावसाबरोबर ओढ्यात, नाहीतर मातीतून झिरपत खाली बोअरमध्ये. तळ्यात खत उतरलं की शेवाळ माजतं, शेवाळ कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तरंगायला लागतात. त्याला पुस्तकात ‘सुपोषण’ म्हणतात. इतकं गोंडस नाव ठेवणारा माणूस मला एकदा भेटायला हवा. फवारणीचं औषध किड्यातून माशात, माशातून पक्ष्यात चढत जातं आणि प्रत्येक पायरीला वाढतं. हे सगळं मला न अडखळता म्हणता यायचं, कपडे वाळत घालताना, भांडी घासताना, मशीनमध्ये कागदाची थप्पी भरताना.

पान एकेचाळीसवर चौथा प्रश्न होता. ‘पाणी उकळल्यास त्यातील नायट्रेटचे प्रमाण: अ) तेवढेच राहते, ब) कमी होते, क) वाढते, ड) शून्य होते.’ खाली सरांच्या ठसठशीत अक्षरात: ‘उत्तर ब. उकळणे हा सोपा घरगुती उपाय.’

पहिल्या वर्षी मी हात वर केला होता. म्हटलं, “सर, मिठाचं पाणी उकळून आटवलं तर ते जास्त खारट होतं. मग नायट्रेट कसं कमी होईल? तेही विरघळलेलंच असतं ना?”

सर हसले. “परीक्षेत मीठ विचारणार नाहीत. नायट्रेट विचारणार, आणि उत्तर ‘ब’ धरणार. मागे दोनदा धरलंय. तुला मार्क हवाय की वाद घालायचाय?”

वर्ग हसला, मीही हसले, आणि खाली बसले. त्या दिवशी एक गोष्ट शिकले. क्लासमध्ये प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं असतात, एक खरं आणि एक मार्क देणारं. बहुतेक वेळा ती एकच असतात, म्हणून कुणाला त्रास होत नाही. जिथं वेगळी असतात तिथं शहाणा उमेदवार दुसरं पाठ करतो. मी शहाणी होते.

आमचं घर गावाच्या कडेला आहे. मागच्या भिंतीपलीकडे लगेच शेतं सुरू होतात. घरात दादा, वहिनी, मी आणि त्यांची अडीच महिन्यांची बबडी. वहिनीला दूध पुरत नव्हतं म्हणून बबडीला वरचं दूध सुरू केलेलं, डब्यातली पावडर पाण्यात कालवून. आमच्या बोअरच्या पाण्यात खतातलं नायट्रेट आहे ही काही लपलेली गोष्ट नव्हती. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी नमुना नेला होता. त्याचा कागद टाकीला चिकटवून गेले, आणि उन्हानं त्याच्यावरची अक्षरं उडून गेली. वहिनी सावध बाई. बाळासाठी ती विकतचा पाण्याचा कॅन आणायची, सायकलच्या कॅरियरला बांधून.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली तेव्हा मी घरभर मोठमोठ्यानं घोकत फिरत होते. ‘नायट्रेट, उकळल्यास कमी होते, घरगुती उपाय.’ वहिनी ओट्यापाशी उभी होती. तिनं विचारलं, “ताई, खरंच का? नुसतं उकळून जातं?”

मी पानावरून मान वर न करता म्हटलं, “हं.”

एवढाच माझा गुन्हा. एक ‘हं’. त्या दिवसापासून कॅन बंद झाला. वहिनी बोअरचं पाणी उकळायला लागली, आणि बाळासाठी म्हणून दहा मिनिटं उकळून, गार करून, पुन्हा दहा मिनिटं उकळायची. कुठलीही गोष्ट ती अर्धवट करत नाही.

परीक्षेत तो प्रश्न आला. त्र्याहत्तरावा. शब्दन् शब्द तोच, पर्यायांचा क्रमही तोच. मी पेन्सिल ‘क’वर नेली होती. खरं सांगते, गोल काळा करायला टोक टेकवलंही होतं. मग चुकल्यास वजा होणारा पाव गुण आठवला, सरांचा ‘दोनदा धरलंय’ आठवला, आणि मी शेजारचा ‘ब’ नीट कडेपर्यंत भरला. केंद्राबाहेर सर उभेच होते. “एकेचाळीसवरचा आला की नाही? गॅरंटी दिली होती,” म्हणाले, आणि मी त्यांचे आभार मानले.

त्यानंतर अकरा दिवसांनी, सकाळी मी दुकानाला निघायच्या बेतात असताना वहिनीनं मला आतून हाक मारली. हाक मोठी नव्हती, पण मी चप्पल पायातली तशीच ठेवून आत गेले. बबडी तिच्या मांडीवर होती. ओठ राखाडी-निळे, नखंही तशीच, श्वास भराभर चाललेला. रडत होती, पण त्या रडण्यात जोर नव्हता. दादानं गाडी काढली. रुग्णालयापर्यंत कोण काय बोललं ते मला आठवत नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि नको तेवढं बोलत नव्हत्या. बोटाएवढ्या नळीत रक्त काढलं, ते लाल नव्हतं, चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी होतं. त्यांनी वहिनीला विचारलं, “पाणी कुठलं वापरता?”

“बोअरचं. पण उकळून, दोनदा.”

“किती वेळ?”

“दहा-दहा मिनिटं.”

बाईंनी लिहिता लिहिता हात थांबवला. “उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही, पाणी तेवढं उडून जातं. तुम्ही जेवढं उकळलंत तेवढं ते दाट झालं. एवढ्या लहान बाळाच्या रक्ताला मग प्राणवायू धरता येत नाही.” मग त्या नर्सकडे वळल्या आणि एक औषध मागितलं. ते गडद निळं होतं. दादा मला हळूच म्हणाला, निळ्यावर आणखी निळंच देतायत का, आणि मी त्याला सांगितलं, हो, याच्यावर हेच देतात. तेही पुस्तकात होतं. तेवढं खरं होतं.

संध्याकाळपर्यंत बबडीच्या ओठांवर रंग परतला. तिसऱ्या दिवशी तिनं सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला आणि नर्स म्हणाली, आता हिला घरी न्या. पण त्या पहिल्या दुपारी, बाकावर बसलेलो असताना, वहिनीनं मला विचारलं होतं.

“ताई, तुम्ही तर उलटं पाठ करत होतात.”

“हो.”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

मला खोटं बोलता आलं असतं. “माहीत होतं,” म्हटलं. “ते परीक्षेपुरतं होतं.”

“परीक्षेपुरतं म्हणजे?”

तिनं रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिला खरोखरच कळत नव्हतं. मी तिला समजावून सांगायला लागले, दोन उत्तरं वगैरे, आणि निम्म्यावर माझं मलाच ऐकवेना. तिनं मला बोलही लावला नाही. पुढचा सगळा वेळ ती काचेतून आत बघत उभी होती.

महिन्याभरानं तात्पुरती यादी आणि उत्तरतालिका एकाच दिवशी लागली. काकांनी दुकानातूनच यादी बघितली आणि ओरडले, “अठरावी! अगं, शेवटची का होईना, आत आहेस.” अख्ख्या गल्लीत बातमी पसरली. दादानं मला उचलून घ्यायचंच बाकी ठेवलं. मीही दोन तास आनंदात होते, हे लपवणार नाही. मग उत्तरतालिका उघडली. त्र्याहत्तर: ‘ब’.

ज्या बोर्डाला पाणी तपासणारी माणसं हवी आहेत, तो बोर्ड म्हणतोय उकळल्यानं नायट्रेट कमी होतं. आणि हे मान्य करणाऱ्या अठरा जणांच्या हातात बाटल्या देऊन त्यांना गावोगाव पाठवणार. त्या अठरांत मी आहे. कुठल्या तरी ओट्यापाशी उभी असलेली बाई मला विचारणार, ताई, खरंच का? माझं डोकं फिरलं. दुःख वगैरे नंतर. आधी राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

तालिकेखाली बारीक अक्षरात होतं: हरकत असल्यास सात दिवसांत पुराव्यासह अर्ज करावा. मी बेरीज-वजाबाकी करून पाहिली. उत्तर ‘क’ झालं तर माझा एक गुण जाणार, वर पाव गुण वजा. माझ्या खाली दोघी-तिघी अर्ध्या-अर्ध्या गुणानं टपलेल्या. मी यादीतून बाहेर पडणार, आणि पुन्हा बसायचं वय उरलेलं नाही.

दादाला सांगितलं तेव्हा त्यानं जेवता जेवता ताट बाजूला सारलं. “बबडी बरी झाली ना? मग? आधी नोकरीला लाग, आणि आत जाऊन काय दुरुस्त करायचं ते कर. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायची हौस कुणाला असते?”

“आत गेल्यावर मी कुठल्या तोंडानं बोलणार, दादा? मला त्याच उत्तरानं आत घेतलंय.”

“कुणाला कळणार आहे?”

“मला.”

वहिनी बबडीला थोपटत होती. ती म्हणाली, “ताई, माझ्यासाठी करणार असाल तर करू नका. तुमची नोकरी माझ्या डोक्यावर नको. जन्मभर मला ते पेलवणार नाही.”

“तुमच्यासाठी नाही,” मी म्हटलं. “माझ्या डोक्यात राग आहे म्हणून.”

“मग करा,” ती म्हणाली. दादा दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला, आणि ताट पुन्हा पुढे ओढलं.

गल्लीत गोष्टी कागदापेक्षा वेगानं फिरतात. दुसऱ्या दिवशी दहाच्या आत गॅरंटी सर दुकानात हजर. हातात नव्या बॅचच्या नोट्सची थप्पी. ती त्यांनी काउंटरवर ठेवली आणि आवाज खाली आणला.

“ऐकलं ते खरं का?”

“खरं.”

“यादीत माझी सात मुलं आहेत. सगळ्यांनी ‘ब’ लिहिलंय. तू स्वतः ‘ब’ लिहिलंयस. स्वतःच्या बरोबर उत्तरावर हरकत घेणारा उमेदवार मी पंचवीस वर्षांत पाहिला नाही.”

“ते बरोबर नाही, सर.”

“मला शिकवतेस?” मग वेगळ्याच सुरात, “अगं, ते मीही कुठून तरी उतरवलंय. कुठून, ते आता मलाही सांगता येणार नाही. चालत आलंय.”

त्या क्षणी मला त्यांची थोडी कीव आली, पण थोडीच. म्हटलं, “तुम्ही छापता म्हणून आम्ही लिहितो. आम्ही सगळे तेच लिहितो म्हणून बोर्डही तेच धरतो. बोर्ड धरतो म्हणून तुम्ही पुन्हा छापता. यात पाणी कुणी उकळून बघितलं? आमच्या वहिनीनं. तिच्या बाळाच्या अंगावर ते निघालं.”

सर थप्पीकडे बोट दाखवून म्हणाले, “साठ प्रती. संध्याकाळपर्यंत.”

मी थप्पी चाळली, एकेचाळीसावं पान काढून त्यांच्यासमोर ठेवलं. “बाकीचं देते. हे छापणार नाही.”

काकांनी मागून घसा साफ केला. बिचाऱ्यांना गिऱ्हाईक तोडवत नव्हतं. “मशीन जरा अडकतंय, सर, सकाळपासून...”

“मशीन ठणठणीत आहे, काका,” मी म्हटलं. “मी छापणार नाही.”

सर ते पान घडी करून खिशात घालून निघून गेले. काका दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. दुपारी चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “तुझ्या अर्जाच्या प्रती किती काढायच्यात?”

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या आरोग्य पुस्तिकेतलं पान दिलं, आणि बबडीच्या कागदांवर सही-शिक्का. ते सगळं घेऊन मी फाटकातून आत गेले. हरकतींच्या खिडकीवर चष्मेवाला कारकून होता. त्यानं माझा क्रमांक संगणकात टाकला, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बाई, तुम्हाला या प्रश्नाचा पूर्ण गुण मिळालाय.”

“माहीत आहे.”

“मग हरकत कशावर?”

“त्या गुणावर.”

त्यानं चष्मा काढून पुसला. “हे बघा, या फॉर्मला कारणाचा एकच रकाना आहे. ‘गुणवाढीची मागणी.’ छापीलच आहे तो. तुमच्यासाठी रकाना नाही.”

मी फॉर्म घेतला, ‘गुणवाढीची’ यावर रेघ मारली आणि वर लिहिलं: ‘उत्तर दुरुस्तीची. माझा गुण कापावा.’ खाली पेन दाबून सही केली. कारकून बराच वेळ ते वाक्य वाचत होता. मागून रांगेतलं कुणीतरी म्हणालं, लवकर आटपा. त्यानं शिक्का मारला आणि पोच माझ्याकडे सरकवताना हळूच विचारलं, “आमच्याकडेही बोअरच आहे. लहान मुलाला नुसतं उकळून चालत नाही म्हणता?”

“नाही चालत,” मी म्हटलं. “घरी फोन करून सांगा. आत्ताच.”

बावीस दिवसांनी अंतिम तालिका लागली. त्र्याहत्तर: ‘क’. सरांची सातपैकी चार मुलं यादीतून गेली आणि मी गेले. त्या चौघांतल्या एकानं दुकानात येऊन मला नको नको ते सुनावलं. मी ऐकून घेतलं, कारण त्याचा गुण मी घालवला होता, आणि मग त्याला सांगितलं, पुढच्या वर्षी तुझं वय आहे, बस, आणि या वेळी खरं लिही. दादानं आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. मी रडले का? रडले, मशीनचं झाकण उघडून, अडकलेला कागद काढायचं निमित्त करून. पण पश्चात्तापानं नाही. चार वर्षं गेली म्हणून रडले. ती जायला नको होती.

कागदपत्रं तपासणीच्या आठवड्यात गल्लीत निवडलेल्यांची रीघ लागते. दाखल्यांच्या दोन-दोन प्रती, सगळ्यांना एकदम हव्या असतात. गुरुवारी एक मुलगी आली. केस घट्ट बांधलेले, फाइल छातीशी धरलेली. निवडपत्र तिनं वरच ठेवलं होतं. पाणी तपासणी सहायक, क्रमांक अठरा.

माझे हात थांबले नाहीत. गुणपत्रिका, जन्मदाखला, एक एक काचेवर ठेवत गेले. मग विचारलंच. “त्र्याहत्तराव्याला काय लिहिलं होतं?”

तिला हसू आलं. “‘क’. आधी चूक धरलं होतं, तेविसावी होते मी. कुणीतरी हरकत घेतली म्हणून आले वर. माझं नशीब.”

“कुठल्या क्लासला होतीस?”

“क्लास नाही लावला. पण आमच्या किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो ना, रोज मीच खरवडते. पाणी जातं आणि बाकीचं मागं राहतं, एवढं तर दिसतंच.”

किटली आमच्याही घरी आहे. मी तिच्याकडे बघितलं, आणि मला तिचा हेवा वाटला, राग आला, आणि त्याच वेळी वाटलं की जागा योग्य माणसाकडे गेली. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कोणती हरकत, कुणाची, यातलं मी काही बोलले नाही. प्रती जुळवल्या, टाचणी लावली, फाइल तिच्या हातात दिली. ती पाकीट काढायला लागली तर म्हटलं, राहू दे.

“रुजू झालीस की पहिली बाटली आमच्या बोअरची भरायची,” मी म्हटलं. “आणि निकाल टाकीवर कागद चिकटवून लावायचा नाही. रंगानं लिहायचा, हातभर अक्षरात. दर महिन्याला मी येऊन विचारणार आहे. टाळाटाळ केलीस तर तुझ्याविरुद्धही अर्ज करीन, मला सवय झाली आहे.”

ती गोंधळली, पण घाबरली नाही. वही उघडली, आमचा पत्ता विचारला, वस्ती, वळण, टाकी कुठल्या बाजूला, सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, “मागणी कुणाच्या नावानं नोंदवू?”

“माझ्या,” मी म्हटलं, आणि तिच्या हातातलं पेन घेऊन वहीत स्वतःच नाव लिहिलं.